जमेची बाजू

मराठी शाळेतल्या 'कुत्रा' या निबंधाने आपल्या निदान चार पिढ्यांचे नुकसान केले आहे, असे माझे नम्र पण ठाम मत आहे. कुत्रा इमानी असतो, त्याला चार पाय आणि एक शेपूट असते, तो रात्री घराची राखण करतो आणि दिवसा पोळी खातो, इतके लिहिले की दहापैकी सहा गुण ठरलेले. 'मला कुत्रा फार आवडतो' हे वाक्य शेवटी टाकले की सात. आमच्या वर्गातल्या एका मुलाने 'तो सायकलमागे धावतो' असे स्वतंत्र बुद्धीने लिहिले, तेव्हा गुरुजींनी त्याची वही वर्गभर फिरवली होती. पण घरात एकाच्या जागी दोन कुत्रे असले, तर त्यांतला एक अधूनमधून दुसऱ्याच्या पाठीवर पुढचे दोन पाय टाकतो, त्याच्या कमरेला घट्ट मिठी मारतो आणि मग जो काही कवायतीचा प्रकार सुरू करतो, त्याबद्दल या निबंधात चकार शब्द नाही. तो परिच्छेद गाळलेला आहे. गुरुजींनी गाळला, गुरुजींच्या गुरुजींनी गाळला, आणि पुढे वर्गातली मुले मोठी होऊन लेखक झाली तेव्हा त्यांनीही तो इमानेइतबारे गाळला.

आता साहित्याची समीक्षा करण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. मी बी.कॉम. आहे. पण गेली वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून मी एकच विद्या शिकलो. ती म्हणजे, लिहिलेली नोंद कुणीही वाचतो, पण गाळलेली नोंद शोधावी लागते. समीक्षक तरी दुसरे काय करतात? ते त्याला 'आशयाची पोकळी' म्हणतात, आम्ही 'डिफरन्स' म्हणतो. तेव्हा या लेखात मी आपल्या समस्त श्वानवाङ्मयाचे, लेखी आणि तोंडी, ऑडिट करणार आहे. वाचकांनी व्हाउचर मागू नयेत.

आधी खातेदारांची ओळख करून देतो. मुक्काम तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा. हा कंस फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात तळेगावे उदंड. दाभाडे आहे, दशासर आहे, ढमढेरे आहे. कंस विसरला की माणसाचे टपाल पुण्याला जाते आणि माणूस इथेच राहतो. गाव नागपूर-अमरावती रस्त्यावर आहे. या रस्त्याला आम्ही वर्षानुवर्षे 'सहा नंबर' म्हणत आलो. सरकारने त्याचा त्रेपन्न केला, पण आमचा सहा काही सुटत नाही. या हायवेने गावाला पेट्रोलपंप दिला, ढाबे दिले आणि कुत्रे दिले. कुत्रे कसे, ते पुढे येईलच.

आमच्या घरी दोन आहेत. पहिली कुत्री. एका खातेदाराच्या संत्र्याच्या बगिच्यात जन्मली, ओंजळीएवढी असताना घरी आली. घरात काहीतरी जमा होण्याचा तो दुर्मिळ प्रसंग असल्याने मी तिचे नाव 'जमा' ठेवले. पुढच्याच वर्षी पावसाळ्यात एका भल्या मोठ्या गाडीचे दार हायवेवर उघडले, एक तांबूस कुत्रा खाली उतरवला गेला, दार बंद झाले आणि गाडी अमरावतीकडे निघून गेली. कुत्रा गाडीमागे धावला आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलला धडकला. मागचा डावा पाय त्याने जो उचलला, तो आजही थोडा उचललेलाच असतो. गावातल्या मुलांनी त्याला माझ्या दारात आणून सोडले. म्हणजे कुणीतरी खर्च केला आणि तो माझ्या नावे टाकला. म्हणून तो 'नावे'.

जमा आणि नावे, दोघांचीही ऑपरेशने झालेली आहेत. तरीही जमा नावेवर चढते. नीट वाचा. कुत्री कुत्र्यावर चढते. चाळीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या आमच्या जुन्या हेडकॅशियरांना मी हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मग पोस्टिंग उलट पडतंय." आमच्या घरात मुलीसमोर, पाहुण्यांसमोर या क्रियेचा उल्लेख करायचा तर शब्द नव्हता. मराठीत या क्रियेला जे शब्द आहेत, ते एकतर गोठ्यातले आहेत नाहीतर शिव्यांतले. सभ्य माणसे 'ते' म्हणतात आणि छताकडे बघतात. शेवटी मी बँकेचाच शब्द दिला, 'ओव्हरड्राफ्ट'. आता स्वयंपाकघरातून "अहो, ओव्हरड्राफ्ट!" अशी हाक आली की मी पेपर टाकून उठतो. शेजाऱ्यांचा मात्र आमच्या आर्थिक परिस्थितीविषयी कायमचा गैरसमज झाला आहे.

आता ऑडिट.

पहिली बाब म्हणजे भाद्रपद. मराठी भाषेने कुत्र्यांच्या सगळ्या भानगडी एका महिन्याच्या खात्यावर टाकून दिल्या आहेत. 'भाद्रपदातला कुत्रा' म्हटले की पुढे काही बोलायला नको. यात तथ्य नाही असे नाही. गावातल्या मोकळ्या कुत्र्यांचा हंगाम पावसाळ्याच्या उतरणीला खरोखरच जोरात असतो. पण आमची जमा हा कार्यक्रम भाद्रपदात करते, आश्विनात करते, आणि एकदा तर तिने तो मार्गशीर्षातल्या गुरुवारी केला. त्याकडे येतोच. हंगामाचा कुत्रा आणि घरातला ओव्हरड्राफ्ट या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्या एका खात्यात टाकणारी भाषा कितीही रसाळ असली, तरी हिशेबात कच्ची आहे.

दुसरी बाब म्हणजे कथा. द्रौपदीच्या दाराबाहेर ठेवलेल्या चपला कुत्र्याने पळवल्या, त्यातून नको तो घोटाळा झाला, आणि तिने कुत्र्यांना चारचौघांत लाज जाण्याचा शाप दिला, अशी एक गोष्ट आपल्याकडे लोक हसत हसत सांगतात. सांगणाऱ्याचा चेहरा महाभारत सांगत असल्यासारखा असतो. पण महाभारतातला पहिला कुत्रा निराळाच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पुरी केलेली चिकित्सक आवृत्ती उघडा. आदिपर्वात अगदी सुरुवातीलाच जनमेजयाचा यज्ञ चालला आहे. सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचा पोर तिथे येतो आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. पोर रडत आईकडे जातो. आई विचारते, तू हविर्द्रव्याला तोंड लावलेस का? तो म्हणतो, मी त्याकडे बघितलेसुद्धा नाही. सरमा यज्ञात जाऊन जाब विचारते. कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती सांगते की, ज्याने काही केले नाही त्याला तुम्ही मारले, आता तुमच्यावर असे भय येईल जे तुम्हाला दिसणार नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी एक निष्कारण मार खाल्लेला कुत्रा आहे आणि शेवटी धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा आहे. व्यासांनी दोन्ही टोकांना कुत्रा बसवला. आपण मधली चप्पल तेवढी लक्षात ठेवली.

तिसरी बाब म्हणजे चित्रे. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात. ते चार वेद होत, हे मला मान्य आहे आणि माझी श्रद्धाही आहे. पण कॅलेंडरवरचे ते चौघे ज्या शिस्तीने, एकमेकांना न शिवता बसलेले असतात, त्यावरून ते चितारणाऱ्याने स्वतः दोन कुत्रे कधी पाळलेले नसावेत, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

चौथी बाब म्हणजे विनोदी साहित्य. पु. ल. देशपांड्यांचा 'पाळीव प्राणी' कुणाला माहीत नाही? पण नीट बघितले तर त्यात प्राण्यांपेक्षा ते पाळणारे लोकच जास्त आहेत. पु. लं.चा नेम मालकावर होता आणि तो अचूक बसला. पण त्यांच्या मागून आलेल्या आम्हा किरकोळ मंडळींनी सोय पाहिली. कुत्रा भुंकला की एक विनोद, चावला की दोन, पाहुण्याचे धोतर ओढले की लेख पुरा. धोतरे गेली तरी विनोद राहिले. ओव्हरड्राफ्टवर कुणी लिहिले नाही, कारण दिवाळी अंक घरातल्या बायकामुलांच्या हाती पडतो. जणू घरातल्या बायकामुलांच्या हाती कुत्रा पडतच नाही! त्याला रोज भाकरी कोण घालते?

पाचवी बाब गंभीर आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' हे मराठीतले मोलाचे पुस्तक. १९८३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्या, त्यांचे नर, त्यांच्या लढाया, नव्याने जुन्याला हुसकून लावणे, हे सारे त्यात आहे. पुस्तकाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या आळीतल्या निवृत्त हेडमास्तरांबद्दल. त्यांनी जमाचा पराक्रम आमच्या फाटकातून पाहिला आणि चष्मा पुसत म्हणाले, "सत्तांतर! तुमच्या घरात सत्तांतर होतंय. ती आज त्याच्यावर चढली, उद्या तुमच्यावर हुकूम चालवील." मी म्हटले, "सर, आमच्या घरात ती जागा आधीच भरलेली आहे." पण सरांनी मान हलवली. एक चांगले पुस्तक वाचले की माणसाला सगळीकडे वानरेच दिसू लागतात.

हा सत्तेचा सिद्धान्त आला कुठून, हेही पाहू. रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने बाझल इथल्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९४७ साली तो छापला. कोंडलेल्या लांडग्यांत सारखी भांडणे, वरचढ कोण आणि खालचा कोण याची सारखी मोजदाद. वेगवेगळ्या शाखांतून बदलून आलेले कारकून एका खोलीत कोंडा, पंखा एकच ठेवा आणि मग मनुष्यस्वभावाचा अभ्यास करा. असाच निष्कर्ष निघेल! पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७० साली लांडग्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि कळपाचा तो 'अल्फा' जगभर झाला. नंतर त्याच मेकने उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर कित्येक उन्हाळे मोकळ्या रानातल्या लांडग्यांमागे घालवले. १९९९ साली त्याने लिहिले की, निसर्गातला लांडग्यांचा कळप हे बहुधा एक कुटुंब असते. आई, बाप आणि त्यांची पोरे. तिथे 'अल्फा' म्हणजे केवळ बाप किंवा आई. एवढ्यावर न थांबता त्याने प्रकाशकाला सांगितले की, माझे ते जुने पुस्तक छापणे बंद करा. वाचक हो, आपले पुस्तक छापा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागलेले लेखक मला माहीत आहेत. छापू नका म्हणून मागे लागलेला हा एकच.

पण पुस्तक थांबले तरी अफवा थांबत नाही. आजही कुत्रा दुसऱ्यावर चढला की 'तो आपला दर्जा दाखवतोय, त्याला दाबून टाका, उताणा पाडा' असे सांगणारे जागोजाग भेटतात. वस्तुतः ही क्रिया नर करतात, माद्या करतात, ऑपरेशन झालेले करतात, आणि ज्यांना अजून धड भुंकता येत नाही अशी पिल्लेही खेळताना करतात. पिल्लांना कसली आली आहे सत्ता? ऑपरेशनने, विशेषतः नरांत, हा प्रकार पुष्कळ कमी होतो, पण साफ जाईल अशी हमी नसते. आणि काही वेळा लघवीच्या जागेचा दाह किंवा कातडीची खाज हेही त्याचे कारण असते. तिथे सत्तांतराचा नव्हे, औषधाचा प्रश्न असतो.

आता तो मार्गशीर्षातला गुरुवार. शेवटचा गुरुवार, उद्यापन. बैठकीत चौरंग, त्यावर कलश, पाच फळे, समोर सात सवाष्णी. सौ. पोथी वाचत होती. जमा दर पाहुणीगणिक दारापर्यंत धावून आली होती. सात पाहुण्या म्हणजे सात फेऱ्या. ती धापा टाकत होती, शेपूट पंख्यासारखी फिरत होती. नावे बिचारा गर्दीला भिऊन दिवाणाच्या कडेला उभा होता. पोथीत राणीला गर्व झाला आणि त्याच क्षणी बैठकीत ओव्हरड्राफ्ट झाला. सातही सवाष्णींनी एकदम पदर तोंडाला लावले. नावेने सुटका करून घ्यायला उडी घेतली ती चौरंगाकडे. सौ.ने एका हाताने कलश धरला, दुसऱ्याने पोथी, आणि वाचन न थांबवता मला डोळ्यांनी जे सांगितले ते पोथीत नव्हते. नावे चौरंगाखाली शिरला. जमा पुन्हा जवळ गेली. तेव्हा त्याने दात दाखवले आणि गुरगुरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

त्यानंतर गाव सल्ला देऊ लागले. सौ.च्या आत्याबाई मुक्कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "जवाईबापू, देवीसमोर असं होते म्हणजे काय? हे कुत्री घरात नको. हायवेवर नेऊन सोडून द्या." शेजारचे काकाजी फाटकावरूनच म्हणाले, "भाऊ, दोन सोट्या हाणा न तिले. जनावराले माराशिवाय अक्कल येत नाही." त्यांच्या स्वतःच्या फाटकापाशी कुत्रे येऊ नयेत म्हणून लाल पाण्याच्या पाच बाटल्या रांगेत ठेवलेल्या आहेत. त्यांतल्या तिसरीला टेकून गावातला काळू रोज दुपारी झोपतो. तिसरा सल्ला बादलीभर थंड पाण्याचा होता. चौथा सल्ला, नावेला मिरचीचा धूर देण्याचा, कोणत्या तर्काने आला ते मला अजून उमगलेले नाही. करायचे तिने आणि धूर त्याला!

हे सल्लेही वाङ्मयच आहे, तोंडी का असेना, म्हणून त्यांची समीक्षा केली पाहिजे. मार देण्याचे घ्या. जमाला मारले कुठे? नावेच्या शेजारी असताना. म्हणजे तिच्या हिशेबी नावे जवळ असला की सोटी पडते. चार वेळा असे झाले की ती नावेवरच तुटून पडेल, आणि आपण म्हणू, बघा, कुत्री बिथरली. सरमेने सांगितलेले न दिसणारे भय म्हणतात ते हेच असावे. आरडाओरडा केला तर तो तिला उत्साहात भर वाटतो, कारण मुळात ती उत्साहानेच भान हरपलेली असते. आणि हायवेवर सोडण्याचे म्हणाल, तर मी आत्याबाईंना एवढेच म्हटले, "आत्याबाई, नावे तिथूनच आला आहे." त्या गप्प झाल्या. त्यांनी त्याच्या उचललेल्या पायाकडे पाहिले आणि चौरंगावरचे एक केळे सोलून त्याच्यापुढे धरले. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

जाता जाता कायद्याचेही सांगून ठेवतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा केंद्रीय कायदा आहे. जनावराला मारझोड करणे, किंवा ते उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत कारणाशिवाय सोडून देणे, हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. आमच्या बँकेत खात्यात किमान शिल्लक नसली तर याहून जास्त कापतात. एक जीव हायवेवर टाकायचा भाव असा ठरलेला असताना गाड्यांची दारे उघडणारच.

मला मात्र या प्रकरणाची किल्ली सापडली ती पुस्तकात नव्हे, काउंटरवर. आमचा हा भाग गवळाऊ गाईंचा. आर्वी, आष्टी, कारंजा या टापूत पांढरीशुभ्र, चपळ चालीची गवळाऊ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. दुधाळ जनावराच्या कर्जाचे कागद घेऊन एक म्हातारा शेतकरी आला होता. मुलगा फॉर्म भरत होता आणि मी उगाच विचारले, "कळपातली कोणती गाय माजावर आहे, हे तुम्ही ओळखता कसं?" त्याने माझ्याकडे, बी.कॉम. माणसाकडे बघतात तसे, पाहिले. म्हणाला, "सोपं हाये न साहेब. गाई एकमेकीवर चढते. आपण वरचीले नाही पाहाचं. जे खाली चुपचाप उभी राह्यते, थे माजावर. सकाळी दिसली त संध्याकाळी डॉक्टरले बोलवाचं."

मी पेन खाली ठेवले. गाय गाईवर चढते, आणि या गोष्टीला तळेगावात कुणी हसत नाही, कुणी पदर तोंडाला लावत नाही, कुणी सत्तांतर म्हणत नाही. जनावराचा दवाखाना आणि कृत्रिम रेतनाचे वेळापत्रक या एका निरीक्षणावर चालते. वर चढणारीही कधीकधी त्याच बेतात असते, पण पक्की खूण खालचीच. दर एकवीस दिवसांच्या फेऱ्यात ही वेळ चुकली की दूध आणि वासरू दोन्ही लांबणीवर पडतात, मग बँकेचा हप्ताही. म्हणून शेतकरी लाजत नाही. तो बघतो. आणि तो खालच्या जनावराकडे बघतो.

आमच्या शास्त्रात याला दुहेरी नोंद म्हणतात. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या साधूने ती पद्धत छापून जगासमोर मांडली, आणि तेव्हापासून नियम एकच. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. शाळेतला निबंध, चपलेची गोष्ट, हेडमास्तरांचे सत्तांतर, काकाजींची सोटी, या सगळ्यांतली खोट आता माझ्या ध्यानात आली. हे सगळे एकेरी नोंदीचे वाङ्मय आहे. चढणाऱ्याची नीतिमत्ता काय, हेतू काय, दर्जा काय, यावर पानेच्या पाने. खाली जो उभा आहे त्याला काय वाटते, याची नोंद कुठेच नाही. जमेची बाजू सगळ्यांनी लिहिली, नावेची कोरी.

त्या दिवसापासून मी नावेकडे बघू लागलो. कधी तो वळून जमाच्या कानाला लाडाने तोंड लावतो, पुढचे पाय पसरून, पार्श्वभाग वर करून खेळायला बोलावतो. तेव्हा तो व्यवहार खुशीचा. आपण मध्ये पडायचे कारण नाही, दोन क्षणांत आपोआप मिटतो. कधी मात्र तो कान मागे घेतो, शेपूट पोटाशी नेतो, ओठ चाटतो, खाली बसून घेतो किंवा दिवाणाकडे सरकतो. तो 'नको' म्हणत असतो. दुखऱ्या पायावर दुसऱ्याचा भार पडला तर कोण 'हो' म्हणेल? आणि तो ताठ होऊन एके ठिकाणी खिळला, नजर रोखली, तर तो शेवटचा नोटिशीचा कागद. त्यानंतर भांडणच.

मग मी महिनाभर एक रोजकीर्द ठेवली. तारीख, वेळ, आणि आधी काय घडले. आकडे सांगत बसत नाही, पण बहुतेक नोंदींच्या आधी एकच मजकूर होता. पाहुणे आले, मी बँकेतून आलो, मुलगी शाळेतून आली, फेरीवाला ओरडला. म्हणजे आनंद असो वा धांदल, जमाच्या अंगात ती मावेनाशी झाली की बाहेर पडायला हीच वाट. काही माणसे अशा वेळी टेबल वाजवतात, काही कविता करतात. गुरांच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासले, लघवी आणि कातडी ठीक असल्याचे सांगितले आणि रोजकीर्द चाळून म्हणाले, "उपाय तुमच्या वहीतच आहे."

उपाय अगदी कारकुनी आहेत. चढण्याआधी जमा नावेभोवती दोन चकरा मारते आणि त्याच्या पाठीवर हनुवटी ठेवते. हनुवटी टेकली की त्याच वेळी, नेहमीच्या आवाजात, तिला हाक. आली की भाकरीचा तुकडा आणि तिच्या तरटावर बैस. एकदा सुरू झाल्यावर ओढाओढ करण्यापेक्षा हे सोपे. पाहुणे यायचे असतील तर आधीच तिला साखळी लावून मागच्या अंगणात, आणि उत्साह ओसरल्यावर आत. सकाळी आर्वी फाट्याकडे चांगली लांब चक्कर, म्हणजे दिवसभराची शिल्लक घरात उधळायला उरत नाही. नावेला जिन्याखाली स्वतंत्र जागा, तिथे आडवी फळी. जमाला प्रवेश नाही, एक प्रकारचे त्याचे लॉकर. आणि नावेने 'नको' म्हटले की मी त्याची वाट पाहत नाही, मीच उठतो. आपली बाजू दुसरे कुणीतरी घेते हे कळल्यापासून त्याला दात दाखवावे लागलेले नाहीत.

ओव्हरड्राफ्ट बंद झाला का? नाही. पण थकीत खाते नियमित झाले आहे. पुढल्या मार्गशीर्षात सातही सवाष्णी आल्या. काही बोलावण्यावरून, काही चौकशीखातर. जमा मागच्या अंगणात होती, नावे लॉकरमध्ये. पोथी निर्विघ्न पार पडली. दोघी-तिघींची थोडी निराशा झालेली दिसली.

आता गंमत अशी की, हल्ली लोक माझ्या काउंटरवर येतात, पासबुक पुढे करतात आणि इकडेतिकडे बघून, थकलेल्या हप्त्याबद्दल बोलावे तशा आवाजात विचारतात, "साहेब, आमच्याकडेही दोन आहेत... त्यांतला एक दुसऱ्यावर... म्हणजे ते..." परवा तर हेडमास्तरच आले होते. त्यांच्या मुलाने नागपूरहून दुसरे पिल्लू आणून दिले आहे. सत्तांतराचा विषय त्यांनी काढला नाही. मी त्यांचे पासबुक घेतले, नोंद भरता भरता विचारले, "सर, ते असू द्या. आधी सांगा, खालचा काय करतो?"

सर बराच वेळ विचार करत उभे राहिले. मग म्हणाले, "पाहिलं नाही बुवा."

"पाहून या," मी म्हटले आणि शिक्का मारला.